गोळी सांध्यासाठी, लक्ष यकृताकडे

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की माझ्या दारात माणसांची रीघ लागते. कोणाला बियाण्याचे विचारायचे असते, कोणाला खताचे, कोणाला तणनाशकाचे. विस्तार अधिकारी म्हणून तीस वर्षे हेच काम करीत आलो. पंपाला किती औषध घालावे, दोन औषधे एकत्र कालवावीत की नाही, फवारणीनंतर किती दिवस माल तोडू नये, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. पण हाच हिशेब माझ्या सख्ख्या बहिणीला सांगायचा माझ्याकडून राहून गेला. त्याचीच ही हकीगत आहे. मी डॉक्टर नाही, शेतीचा पदवीधर आहे. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते स्वतः औषध ठरविण्यासाठी नव्हे, तर औषध सुरू असताना घरच्यांनी काय जपावे हे कळण्यासाठी वाचावे, ही विनंती.

मूठ वळेना

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, माझ्या गावापासून पाच कोसांवर दिलेली आहे. पाच एकर कोरडवाहू रान, दोन म्हशी, सोयाबीन आणि तूर, घरापुरती ज्वारी. पन्नाशी गाठता गाठता तिच्या हाताची बोटे सकाळी ताठ राहू लागली. उठल्यावर तासभर मूठ वळत नसे. म्हशीची धार काढताना आंगठा धरे. भाकरी थापायला परात पुढे ओढली की मनगटातून कळ निघे. दोन्ही हातांच्या बोटांची मुळे आणि मधली पेरे सुजून आली. "वय झाले, वात आला," असे म्हणत दोन वर्षे गेली. दुकानातून मिळेल ती गोळी, चोळायचे तेल आणि शेक, एवढाच काय तो इलाज.

पण हा वात साधा नव्हता. उतारवयात गुडघे झिजून दुखतात तो वात वेगळा. हा आमवात. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. राखणीला ठेवलेल्या कुत्र्याने घरच्या वासरालाच धरावे, तसा हा प्रकार आहे. जंतूंशी लढण्यासाठी असलेली आपली प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच चाल करते. अस्तर सुजते. वेळेवर उपचार झाला नाही तर कूर्चा आणि हाड खाल्ले जाते, बोटे वाकडी होतात, आणि एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. पुरुषांपेक्षा बायकांना हा रोग दोन ते तीन पट अधिक होतो, आणि पुष्कळदा ऐन कामाच्या वयात होतो. खुरपणी, वेचणी, धार, भाकरी, सगळी कामे ज्या लहान सांध्यांवर चालतात तेच सांधे तो आधी धरतो.

ओळखीच्या खुणा लक्षात ठेवाव्यात. सकाळचा ताठपणा अर्ध्या तासाहून अधिक राहतो, दोन्ही हातांचे लहान सांधे एकदम सुजतात, आणि ही सूज सहा आठवडे झाले तरी हटत नाही. असे असेल तर तेल चोळत बसू नये, डॉक्टर गाठावा.

आक्काला शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले, हातांचे फोटो काढले आणि मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू केली. ही गोळी रोज घ्यावयाची नसते, आठवड्यातून एकच दिवस घ्यावयाची असते. आक्काचा दिवस मंगळवार ठरला, कारण तो त्यांच्या गावच्या बाजाराचा दिवस. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिडची गोळी. चौथ्या महिन्यात तिचा फोन आला, "दादा, आज माझी मी भाकरी थापली बघ." त्या एका वाक्यात दोन वर्षांचे दुखणे सरले असे मला वाटले.

गिरणीतल्या बायकांपासून निघालेली वाट

या दोन गोळ्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण तिचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांच्या अंगात रक्त राहत नसे, पुष्कळजणी त्यातच दगावत. त्यांच्या जेवणात काहीतरी कमी आहे हे विल्सबाईंनी ताडले, आणि यीस्टच्या अर्काने हा पंडुरोग बरा होतो हे १९३१ साली छापून सांगितले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे फॉलिक ॲसिड ठरले. पालकाच्या पानांतून ते वेगळे करण्यात आले, म्हणून पानावरून त्याला हे नाव पडले. शरीरात नव्या पेशी घडविण्यासाठी हे द्रव्य लागते.

याच द्रव्यासारखे दिसणारे पण त्याची वाट अडविणारे औषध पुढे अमेरिकेत तयार झाले. आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे तेथील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधक होते. त्यांच्या हाताखालील मंडळींनी ते घडविले, आणि १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर त्याचा गुण दाखवून दिला. मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातले. कर्करोगासाठी त्याची मोठी मात्रा देतात. आमवातासाठी मात्रा अगदी थोडी, आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. एवढ्याशा मात्रेने उलटलेली प्रतिकारशक्ती शांत होते. अमेरिकेच्या सरकारने १९८८ साली आमवातासाठी त्याला मान्यता दिली. आज जगभर या रोगावर पहिले औषध म्हणून तेच देतात, आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे.

एक गोळी फॉलिक ॲसिडची वाट अडविते, आणि तिचा त्रास कमी व्हावा म्हणून दुसरी गोळी तेच फॉलिक ॲसिड पुरविते, म्हणून ते वेगळ्या दिवशी देतात. पुष्कळ घरांत "ही तर नुसती ताकदीची गोळी" म्हणून फॉलिक ॲसिड सोडून देतात. ती ताकदीची गोळी नाही. तोंड येणे आणि मळमळ तिने कमी होते. मुख्य म्हणजे यकृतावरचा ताण तिने कमी होतो.

वेशीवरचा नाका

यकृत म्हणजे काळीज नव्हे, हे आधी सांगतो. बोकडाची कलेजी जिला म्हणतात ते यकृत. उजव्या बरगड्यांच्या आड दडलेला हा अवयव मोठ्या माणसात सव्वा ते दीड किलो भरतो. आपण जे खातो-पितो ते आतड्यातून रक्तात उतरते, आणि ते रक्त अंगभर जाण्यापूर्वी एका मोठ्या शिरेने आधी यकृतात येते. गावच्या वेशीवर नाका असावा, आणि येणारी प्रत्येक गाडी तेथे थांबवून तिच्यातला माल उलगडून पाहावा, तसे हे काम. भाकरी असो, दारू असो की गोळी असो, नाका चुकवून कोणी पुढे जात नाही. औषधाचे पुष्कळसे रूपांतर तेथेच होते. त्यात कधी कधी नाक्यावरच्या माणसांनाच इजा होते.

यकृताचा मोठा गुण म्हणजे ते सोशीक आहे. इजा झालेला भाग ते पुन्हा भरून काढते. त्याचा मोठा दोषही हाच. पुष्कळ बिघडेपर्यंत ते दुखत नाही, कुरकुरत नाही. उसाच्या मुळाशी हुमणी लागते तेव्हा वरचे पाचट काही दिवस हिरवेच दिसते. पिवळे पडल्यावर आपण उपटून पाहतो, तोवर मुळे गेलेली असतात. यकृताचे तसेच आहे. डोळे पिवळे होण्याची वाट पाहिली तर उशीर होतो.

म्हणून रक्त तपासावे लागते. यकृताच्या पेशींत काही विकरे असतात. पेशी फुटली की ती रक्तात सांडतात. तपासणीच्या कागदावर एसजीओटी आणि एसजीपीटी अशी दोन नावे दिसतात, ती हीच. प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण साधारण चाळीसपर्यंतचा आकडा ठीक समजतात. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या काहींचा आकडा मधूनमधून थोडा वर जातो आणि खाली येतो, त्याने घाबरून जाऊ नये. तो नेहमीच्या मर्यादेच्या दुप्पट-तिपटीवर गेला, किंवा प्रत्येक तपासणीत वरच राहिला, तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध थांबवितात. दुर्लक्ष होऊन वर्षानुवर्षे असेच चालले तर काहींच्या यकृतात घट्ट तंतू धरू लागतात, आणि ते एकदा वाढले की यकृत निबर होत जाते. पूर्वी यासाठी सुई घालून यकृताचा तुकडा काढून पाहात. आता रक्ततपासणी नियमित असेल तर सरसकट तशी गरज पडत नाही.

भाऊबीज

आता माझी चूक सांगतो. पहिले वर्षभर आक्का नेमाने रक्त देऊन येई. मग बरे वाटू लागले, आणि बरे वाटू लागले की माणूस ढिला पडतो. एकदा पेरणी आडवी आली, एकदा लेकीचे बाळंतपण, एकदा सोयाबीनची काढणी. गोळ्या चालू होत्या, जुनी चिठ्ठी दाखविली की दुकानदार देई. तपासणी मात्र अकरा महिने झाली नाही. त्या अकरा महिन्यांत मी तिच्या गावी शिवारफेरीसाठी चार वेळा गेलो. गावकऱ्यांना मातीचे नमुने कसे घ्यावेत हे शिकवून आलो. "माती न तपासता खत घालू नका," असे सांगून आलो. "आक्का, तुझे रक्त कधी तपासले?" एवढे मात्र विचारले नाही.

एवढेच असते तरी निभावले असते. त्या पावसाळ्यात तिचे सांधे पुन्हा थोडे धरू लागले. माझ्या बांधावर कडुलिंब आहे, त्यावर गुळवेल चढली आहे. गुळवेल वातावर चांगली, निंबावरची तर फारच चांगली, असे सगळेच म्हणतात. मीच ती कापली, मीच तिला नेऊन दिली, आणि रोज सकाळी काढा करून पी म्हणून मीच सांगितले. काढणीच्या दिवसांत अंग मोडून येई म्हणून दुकानातली दुखण्याची गोळीही ती दिवसातून दोनदा घेत होती, ते मला नंतर कळले.

भाऊबीजेला गेलो. ओवाळताना ताट तिच्या हातात थरथरत होते. माझ्यासाठी केलेल्या करंज्यांपैकी एकही तिने तोंडाला लावली नाही. पंधरा दिवस अन्नावर वासना नाही, मळमळते, अंगाला खाज सुटते, असे ती म्हणाली. पित्त असेल असे घरच्यांनी धरले होते. अंगणात उन्हात आली तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडे पाहिले. पांढरे बुबुळाभोवती हळदीसारखे झाले होते.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला. चाळीसच्या जागी आकडा चारशेच्या वर आला. डॉक्टरांनी तिची पिशवी टेबलावर उपडी करायला लावली. मेथोट्रेक्सेट निघाले, फॉलिक ॲसिड निघाले, डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळीची पट्टी निघाली, आणि काढ्याची बाटली निघाली. "हे कोणी दिले?" त्यांनी विचारले. "मी," मी म्हणालो. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही एका पंपात चार औषधे कालवता का?"

यांतल्या नेमक्या कोणत्या औषधाने हे केले, ते सांगता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कदाचित एकाने, कदाचित सगळ्यांनी मिळून. सगळेच बंद केले. विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीच्या तपासण्या केल्या, त्या निघाल्या नाहीत. आठवडाभर दवाखान्यात राहावे लागले. आकडा ठीक व्हायला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत सांधे असे काही आखडले की माझ्या भाच्याने तिला भाकरी भरविली. औषध चुकले तर यकृत जाते आणि औषध थांबले तर हात जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले. म्हणून भिऊन औषध सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे, हेही तेथेच शिकलो.

प्रत्येक औषधाची खोड वेगळी

आमवातावर मेथोट्रेक्सेटखेरीज आणखी औषधे देतात. त्यांची यकृताशी वागण्याची तऱ्हा वेगवेगळी आहे.

लेफ्लुनोमाइड ही रोज घ्यावयाची गोळी. यकृताच्या बाबतीत तिच्यावरही तेवढीच नजर ठेवावी लागते, आणि ती मेथोट्रेक्सेटच्या जोडीने दिली तर अधिकच. बंद केल्यावरही हे औषध अंगातून लवकर निघून जात नाही, महिनोन् महिने राहू शकते. गरज पडल्यास ते बाहेर काढण्यासाठी डॉक्टर वेगळे औषध देतात.

सल्फासॅलाझिन हे औषध स्वीडनमध्ये डॉ. नाना स्वार्ट्झ या बाईंच्या कामातून आले. त्याने यकृताला त्रास व्हायचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतो, आणि ताप व अंगावर पुरळ यांच्यासह होतो. या काळात ताप-पुरळ आले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. याची आणखी एक गंमत आहे. याने लघवी नारिंगी होते. ती कावीळ नसते. आक्काचे औषध बदलून हे दिले तेव्हा एके पहाटे तिचा घाबऱ्या आवाजात फोन आला होता. पण या वेळी कोणी न सांगता तीच रक्त तपासून आली. आकडा ठीक होता. शंका आली की असेच करावे.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यकृताला सहसा त्रास देत नाही, मात्र त्यासाठी डोळ्यांचा पडदा ठराविक काळाने तपासावा लागतो. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे लगेच गुण देतात, म्हणून लोक त्यांना चटावतात. दीर्घकाळ घेतली तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, यकृतात चरबी साठते. एकदम सोडली तरी जिवावर बेतू शकते. ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे उतरवत आणावी लागतात.

अलीकडे मोठ्या शहरांत इंजेक्शनातून देण्याची महागडी जैविक औषधेही मिळतात. ती देण्यापूर्वी क्षय आणि हिपॅटायटिस बी या दोहोंची तपासणी करतात, कारण अंगात निजलेले हे रोग त्या औषधांनी जागे होऊ शकतात. क्षय निघाला तर त्यावरची आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही औषधेही यकृतावर ताण आणणारी आहेत. तेव्हा क्षयाचे औषध चालू असेल किंवा पूर्वी झाले असेल तर ते आमवाताच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पिशवीतली बाकीची औषधे

खरा धोका पुष्कळदा डॉक्टरांच्या चिठ्ठीबाहेर असतो.

डायक्लोफिनॅक हे नाव शेतकऱ्याला नवे नाही. जनावरांच्या सुजेवर ते सर्रास टोचले जाई. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, आणि गिधाडे हजारोंनी मेली. म्हणून २००६ साली आपल्या सरकारने जनावरांसाठी ते बंद केले. माणसांसाठी ते चालू आहे आणि उपयोगीही आहे, पण त्याने जठर, मूत्रपिंड आणि काहींचे यकृतही दुखावते. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला ते घ्यावयाचे तर डॉक्टरांना विचारून. निमेसुलाइड नावाच्या दुखण्यावरच्या गोळीने काहींच्या यकृताला गंभीर इजा झाल्याने आयर्लंडने २००७ साली ती मागे घेतली, आणि भारतात २०११ पासून बारा वर्षांखालील मुलांना ती देण्यास बंदी आहे.

पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चांगले औषध आहे. जास्त झाले तर मात्र थेट यकृतावर घाव घालते. निरोगी मोठ्या माणसालाही दिवसभरात चार ग्रॅमच्या, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर ते जाता कामा नये. अशक्त माणूस, दारू पिणारा आणि यकृताचा रोगी यांची मर्यादा याहून पुष्कळ कमी, ती डॉक्टरांनी ठरवावी. तापाच्या, सर्दीच्या, अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांत ते लपलेले असते. तीन नावांच्या तीन गोळ्या घेताना आपण एकच औषध तिप्पट घेत असतो.

बाजारात वातावर बिननावाची पुडी मिळते. दोन दिवसांत सांधे मोकळे झाले तर हुरळून जाऊ नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे वेळोवेळी आढळले आहे. ज्या डब्यावर घटक लिहिलेले नाहीत ते कीटकनाशक आपण पिकावर मारीत नाही. मग पोटात कसे घालावे?

गुळवेलीबद्दल जपून लिहितो. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या, यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची माहिती छापली. आयुष मंत्रालयाने त्यावर सांगितले की खरी गुळवेल निर्धोक आहे, आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल चुकीने घेतली गेली असावी. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. पण आमवातात प्रतिकारशक्ती आधीच चाळवलेली असते, आणि प्रतिकारशक्ती वाढविणारी म्हणून तर गुळवेल घेतली जाते. तेव्हा अशा रोग्याने कोणताही काढा, चूर्ण किंवा भस्म दोन्हीकडच्या वैद्यांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. वैद्याला गोळ्यांची नावे सांगावीत आणि डॉक्टरांना काढ्याचे सांगावे. लपविण्यासारखे त्यात काही नाही.

दारूबद्दल काय सांगावे? हातभट्टीची असो की बाटलीतली, नाक्यावर दोन्ही सारख्याच. मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड घेणाऱ्याने ती सोडलेलीच बरी. स्थूलपणा, मधुमेह आणि यकृतात साठलेली चरबी यांनीही धोका वाढतो. आणि माझ्या खात्याचे एक सांगतो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते यकृतालाच धरते. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशीचा मका खाऊन काविळीची मोठी साथ आली होती, पुष्कळ माणसे गेली. काळवंडलेले, खवट शेंगदाणे "घरच्यांना चालतील" म्हणून बाजूला ठेवू नयेत. शेंगा नीट वाळवूनच पोती भरावीत.

तपासणीचे वेळापत्रक

औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताची पूर्ण तपासणी, यकृत, मूत्रपिंड, हिपॅटायटिस बी व सी, आणि छातीचा फोटो. मेथोट्रेक्सेट सुरू झाल्यावर पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, पुढचे तीन महिने दर दोन-तीन महिन्यांनी, आणि सगळे ठीक असेल तर नंतर दर तीन महिन्यांनी, अशी साधारण रीत आहे. आपल्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर ते मानावे. रक्त गोळीच्या दिवसाच्या एक-दोन दिवस आधी द्यावे. गोळीनंतर लगेच दिले तर आकडा उगाच वर दिसू शकतो. खरीप पेरणी, दसरा-दिवाळी, संक्रांत, गुढीपाडवा अशा वर्षाच्या चार खुणा धरल्या तर विसर पडत नाही.

घरच्यांनी एवढे कराच:

१. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकच दिवस. तो वार चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्यावा, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करावी. चुकून रोज घेतली तर काही दिवसांत तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जीव जाऊ शकतो. अशी चूक कळली तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

२. एकाच नावाच्या गोळ्या अडीच, पाच, साडेसात, दहा अशा वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. अडीचच्या तीन घेणाऱ्याला दुकानातून साडेसातची पट्टी मिळाली आणि त्याने तीन घेतल्या, तर मात्रा तिप्पट झाली. पट्टीवरचा आकडा दर वेळी घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावा.

३. कोणत्याही दवाखान्यात गेले तरी आधी "मी मेथोट्रेक्सेट घेते" असे सांगावे. काही प्रतिजैविके, विशेषतः सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम एकत्र असलेली गोळी, तिच्या जोडीने घातक ठरतात.

४. मूल होण्याच्या वयातील बायकांनी, लग्न ठरलेल्या मुलींनी हे डॉक्टरांना न लाजता सांगावे. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गरोदरपणात चालत नाहीत. दिवस राहण्याच्या आधीच ती बदलावी लागतात.

५. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावर वासना नाही, मळमळ, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणे, तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला आणि धाप, यांतले काहीही दिसले तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. कावीळ उतरवून देणाऱ्याकडे जाऊन दिवस घालवू नयेत. स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने एकदम थांबवू नये.

६. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नये, आणि बरे वाटले म्हणून तपासणीही सोडू नये.

हे वाचून कोणी आमवाताच्या औषधाला भिऊ नये. नीट तपासणी ठेवून लाखो माणसे ही औषधे वर्षानुवर्षे घेत आहेत, शेतात राबत आहेत, नातवंडे खेळवीत आहेत. यकृताला गंभीर इजा होणारे थोडे, आणि त्यांतल्याही पुष्कळांची इजा रक्ततपासणीत वेळेवर दिसते. उपचाराविना बोटे वाकडी होणारे मात्र पुष्कळ.

आक्का आता बरी आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिनवर तिचे सांधे ताब्यात आहेत. भाकरी तीच थापते, धार मात्र सून काढते. गेल्या भाऊबीजेला ओवाळणी टाकायला मी खिशात हात घातला, तेव्हा तिने ताटाखालून आधी तपासणीचा कागद काढून माझ्या हातात दिला. "वाच," म्हणाली. मी वाचला. मग करंजी खाल्ली, आणि समोर बसून तिनेही खाल्ली.

तेव्हा वाचकहो, आज दिवेलागणीला एक काम करावे. घरात आमवाताचे औषध घेणारी आई, वहिनी, बहीण किंवा वडील असतील तर त्यांची औषधांची पिशवी सतरंजीवर उपडी करावी. काय काय निघते ते एका कागदावर लिहावे, त्याखाली शेवटच्या रक्ततपासणीची तारीख लिहावी. तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल, किंवा सापडतच नसेल, तर उद्या सकाळी रानात जाण्याआधी तो कागद घेऊन दवाखान्यात जावे. रान एक दिवस थांबेल.